चोरीला गेलेला फोन 'सापडला' असा मेसेज आला, तर पासवर्ड टाकायचा का?

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या भावाचा आयफोन १३ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दीत खिशातून गेला. घरी आल्यावर दोघांनी मिळून तो लॉस्ट मोडमध्ये टाकला (म्हणजे लांबूनच लॉक करून स्क्रीनवर निरोप ठेवला) आणि स्क्रीनवर ताईंचा नंबर दिला. आठ-दहा दिवस काहीच घडलं नाही. मग ताईंच्या नंबरावर मेसेज आला: 'तुमचा आयफोन १३, निळा, १२८ जीबी, आज चालू झाला आहे. ठिकाण पाहण्यासाठी इथे दाबा.' दाबल्यावर एक नकाशा उघडला आणि त्यावर ॲपलचा आयडी आणि पासवर्ड मागणारा चौकोन. दुसऱ्या दिवशी 'ॲपलच्या ऑफिसातून बोलतोय' म्हणून हिंदीत फोन आला. मॉडेल, रंग, जीबी सगळं बरोबर सांगितलं. ताई विचारतात, हे खरं असेल का? खोटं असेल तर एवढी माहिती त्यांना मिळाली कुठून? आणि भावाने पासवर्ड दिलाय, तर एकदा टाकून बघू का?

टाकू नका. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी आधीच टाकला असेल, तर खाली 'पासवर्ड देऊन झाला असेल तर' असं जिथे लिहिलंय तो भाग आधी वाचा, बाकीचं नंतर.

म्हापशात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. या धंद्यात चोरीच्या फोनच्या दोन्ही बाजू दिसतात. फोन गेलेला माणूस रडवेला होऊन काउंटरवर येतो, आणि कधीतरी दुसराच कुणी लॉक झालेला फोन पुढे सरकवून 'एवढं उघडून द्या हो, पैसे बोला' म्हणतो. बोडगेश्वराची जत्रा झाली की दोन्ही प्रकारची माणसं हमखास येतात. त्यामुळे मेसेज खरा की खोटा यापेक्षा मला वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. फोन त्याच्या हातात आहे, मग तो तुमच्या मागे का लागलाय?

कारण त्याच्या हातातला फोन बंद पेटीसारखा आहे. २०१३ साली आयओएस ७ बरोबर ॲपलने ॲक्टिव्हेशन लॉक आणलं. त्याआधी चोर फोनमधलं सगळं पुसून, नवा करून, तासाभरात विकून मोकळा व्हायचा. आता फोन कितीही वेळा पुसला तरी पुन्हा चालू होताना तो आधी ॲपलच्या सर्व्हरला विचारतो, 'मी कुणाचा?' तिथे तुमच्या भावाच्या खात्याची नोंद आहे. ती असेपर्यंत फोन पुढे सरकत नाही. ही नोंद फोनमध्ये नाहीच, त्यामुळे म्हापशात, बेळगावात, मुंबईच्या हीरा पन्नात, कुठल्याही दुकानात ती खरवडून काढता येत नाही. आयफोन एक्सपर्यंतच्या जुन्या मॉडेलांच्या चिपमध्ये एक खोट २०१९ मध्ये उघड झाली, त्यामुळे त्या फोनना अर्धामुर्धा वळसा घालता येतो. तुमचा १३ त्यात येत नाही.

असा बंद फोन चोराने विकला तर फक्त सुट्या भागांचा भाव मिळतो: डिस्प्ले, कॅमेरा, मागची काच, बॅटरी. २०२४ मध्ये आयओएस १८ आल्यापासून काही भागांनाही हेच लॉक लागू झालंय, म्हणजे चोरीच्या फोनचा डिस्प्ले वा बॅटरी दुसऱ्यात बसवली तर तो फोन मूळ मालकाचा पासवर्ड मागतो. सुट्या भागांचा बाजारही त्यामुळे थोडा आटलाय. याउलट तोच फोन मालकाच्या खात्यातून निघाला की चांगल्या सेकंडहँड फोनच्या किमतीला जातो. मधला जो फरक आहे, तो सगळा तुमच्या पासवर्डात आहे. म्हणून ताई, तो मेसेज आला याचा अर्थ मी असा लावतो: लॉक अजून शाबूत आहे, आणि त्यांच्याकडे दुसरा मार्ग उरलेला नाही. मेसेज वाचून घाबरायला होतं हे कबूल. पण त्या मेसेजमध्ये खरी बातमी असेल तर एवढीच आहे.

आता माहिती कुठून मिळाली ते सांगतो, कारण लोक फसतात ते इथेच. 'त्याला रंगसुद्धा माहीत होता' हे वाक्य मी काउंटरवर कितीदा ऐकलंय. अहो, फोन त्याच्या समोर पडलाय! रंग दिसतोच. आयफोन १३ च्या सिमच्या ट्रेवर बारीक अक्षरात आयएमईआय नंबर कोरलेला असतो. फोन पुसून चालू केला तर सुरुवातीच्या स्क्रीनवरही तो बघता येतो. त्या पंधरा आकड्यांवरून मॉडेल, जीबी, रंग, लॉक चालू आहे की नाही हे सांगणाऱ्या सेवा इंटरनेटवर पैसे देऊन मिळतात. आम्ही दुकानदारही सेकंडहँड फोन घेताना त्या वापरतो. तेव्हा मेसेजमधली एकही गोष्ट ॲपलकडून आलेली नाही. सगळी फोनवरून वाचून लिहिलेली आहे.

आणि तुमचा नंबर? तो तर तुम्हीच स्क्रीनवर दिलाय. दिला ते बरोबरच केलं, हे आधी सांगतो. कदंबच्या बसमध्ये सीटखाली फोन सापडून कंडक्टरने त्याच नंबरावर फोन लावल्याची उदाहरणं आमच्याकडे आहेत. पण प्रामाणिक माणसासाठी ठेवलेला नंबर चोरालाही वाचता येतो. लॉस्ट मोड नसेल तर त्याच्याकडे आणखी वाटा आहेत. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की त्यावरून आपल्याच दुसऱ्या नंबराला मिस कॉल द्यायचा, मालकाचा नंबर मिळाला. लॉक स्क्रीनवरच्या 'इमर्जन्सी'मध्ये मेडिकल आयडी भरलेला असला तर घरच्यांचे नंबर दिसतात. फोन चालू असताना 'आई' नावाने कॉल आला तर तेही दिसतं.

एक गोष्ट मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. लॉस्ट मोडमध्ये अशा माणसाचा नंबर द्यावा ज्याला पासवर्ड ठाऊकच नाही. आजोबांचा द्या, शेजारच्या मास्तरांचा द्या. चांगल्या माणसाचा फोन आला तर ते निरोप घेतील, आणि वाईट माणसाने कितीही गोड बोलून विचारलं तरी त्यांच्याकडे द्यायला काही नाही.

मेसेज इतक्या उशिरा का आला, हेही बऱ्याच जणांना कोड्यात टाकतं. बाजारात खिसा कापणारा आणि मेसेज पाठवणारा हे सहसा एकच नसतात. कापणारा लगेच विकून मोकळा होतो. फोन दोन-तीन हात फिरतो, राज्याबाहेर जातो, काही सीमा ओलांडून नेपाळ-बांगलादेशात जातात, आणि जगभरातले चोरीचे पुष्कळ आयफोन चीनच्या शेन्झेनमधल्या हुआचियांगबेई बाजारात पोचतात. 'फोन तर कळंगुटला गेला, लोकेशन चीनचं कसं दाखवतंय?' असं विचारणारे पर्यटक म्हणूनच भेटतात. मेसेज पाठवणं हा या साखळीतला वेगळा धंदा आहे. त्यासाठी तयार खोटी पानं भाड्याने मिळतात: फोनचं मॉडेल आणि मालकाचा नंबर भरायचा, बाकी मेसेज, नकाशा, पासवर्ड गोळा करणं सगळं यंत्रणा करते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये युरोपोलने (युरोपातल्या देशांची पोलीस संघटना) स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोलिसांबरोबर असंच एक जाळं मोडलं. 'आयसर्व्हर' नावाने ते २०१८ पासून चालू होतं. १७ जणांना अटक झाली आणि जगभरात सुमारे ४ लाख ८३ हजार माणसं त्याची बळी ठरल्याचं सांगितलं गेलं. ती सगळी माणसं आपला गेलेला फोन परत मिळवायची धडपड करत होती, हे लक्षात घ्या. एक जाळं मोडलं म्हणून धंदा थांबला असं नाही.

गोव्यात या उशिराचा आणखी एक परिणाम होतो. सीझनमध्ये बागा-हणजूणला ज्याचा फोन जातो तो पर्यटक तोवर दिल्लीला नाहीतर पुण्याला पोचलेला असतो. 'तुमचा फोन उत्तर गोव्यात दिसला' असा मेसेज वाचून त्याला वाटतं, अरे बरोबर, तिथेच तर गेला होता. परत येऊन खात्री करणं शक्य नाही, म्हणून निदान नकाशा तरी बघू म्हणतो. मनात आशा आधीच तयार असते, मेसेज तिला फक्त पत्ता देतो.

आता त्या पानावर पासवर्ड टाकला तर नेमकं काय होतं? पान दिसायला हुबेहूब असतं, मराठी माणसाला पटणार नाही असं काही त्यात नसतं. तुम्ही टाइप केलेला पासवर्ड त्याच क्षणी पलीकडे दिसतो. आता गंमत अशी, की ॲपलने खऱ्या आयक्लाउडवर (ॲपलच्या खात्याच्या वेबसाइटवर) फोन शोधायच्या पानाला कोडची, म्हणजे पासवर्डानंतर फोनवर येणाऱ्या आकड्यांची, अट ठेवलेली नाही. नुसत्या आयडी-पासवर्डावर ते उघडतं. कारण सरळ आहे: ज्याचा एकुलता एक फोन गेला, त्याला कोड येणार कुठे? तुमच्या सोयीसाठी ठेवलेली ही खिडकी चोरालाही तेवढीच सोयीची आहे. तो आत शिरतो, फोन खात्यातून काढून टाकतो, आणि लॉक गेलं. यात मिनिटंही लागत नाहीत. नंतर तुम्ही पासवर्ड बदला, तक्रार करा, ती नोंद परत बसवता येत नाही.

बरीच पानं तिथे थांबत नाहीत. पुढे कोड मागतात, म्हणजे पूर्ण खातंच मिळावं: फोटो, बॅकअप, नोट्स, मेल. शेवटी 'खात्रीसाठी फोनच्या लॉकचा सहा आकडी नंबर टाका' म्हणतात. फोन शोधून द्यायला फोनच्या लॉकचा नंबर कुणाला कशाला लागेल? तो लागतो फोन उघडायला. उघडला की आतले मेसेज, बँकेचे ॲप, सगळं त्यांच्यापुढे मांडलेलं. पासवर्डापेक्षाही हा सहा आकडी नंबर देणं मला जास्त घातक वाटतं.

पत्ता बघून ओळखा, असा सल्ला सगळे देतात. तो चुकीचा नाही. पत्त्यात सुरुवातीच्या 'https://' नंतर पहिली तिरकी रेघ जिथे येते तिच्या लगेच आधीचं नाव खऱ्या मालकाचं असतं. 'आयक्लाउड डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट इन्फो' असा पत्ता असेल तर मालक अमुकतमुक आहे, पुढचं आयक्लाउड नुसतं सजावटीला लावलेलं. पण खरं सांगू का, फोनच्या छोट्या स्क्रीनवर पत्ता अर्धा कापलेला दिसतो, आणि घाबरलेला माणूस पत्ते वाचत बसत नाही. त्यामुळे मी दुसरा नियम सांगतो: आलेल्या लिंकवरून कधी जायचंच नाही. फोन खरंच कुठे आहे ते बघायचं तर घरातल्या कुणाच्याही आयफोनवर फाइंड माय ॲप उघडा, त्यात 'हेल्प अ फ्रेंड' असतं, तिथून भावाने आपल्या खात्यात जावं. किंवा कॉम्प्युटरवर आयक्लाउडचा पत्ता स्वतः हाताने टाइप करा. मेसेजमध्ये काही तथ्य असेल तर तेच ठिकाण तिथेही दिसेल. दिसलं नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आयमेसेजवर (आयफोनच्या स्वतःच्या मेसेज सेवेवर) असा संदेश आला तर एक खूण हमखास असते. अनोळखी माणसाकडून आलेली लिंक आयफोन दाबू देत नाही, तुम्ही उत्तर दिलं तरच ती जिवंत होते. म्हणून मेसेजखाली लिहिलेलं असतं, 'वाय असं उत्तर पाठवा आणि लिंक पुन्हा उघडा.' खऱ्या कंपनीला तुमच्याकडून असलं काही करून घ्यायची गरज नाही.

फोन कॉलचं थोडं निराळं असतं. पान फसलं की माणूस लावतात. कधी तो 'ॲपलमधून' बोलतो, कधी सर्व्हिस सेंटरमधून ('एक माणूस तुमचा फोन घेऊन आलाय, पटकन खात्यातून काढा म्हणजे आम्ही तो जप्त करतो'), आणि अलीकडे पोलीस स्टेशनमधूनही. पोलिसाचं सोंग लोकांना सगळ्यात पटतं. तर खऱ्या पोलिसांचं कसं असतं ते सांगतो, कारण फोन परत मिळालेली गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत. ते तुम्हाला कागदपत्रं घेऊन स्टेशनवर बोलावतात, बिल आणि आयएमईआय पडताळतात, सही घेतात, फोन हातात देतात. तुमचा पासवर्ड त्यांना कुठेच लागत नाही. फोन स्टेशनवर आलाय म्हणत असतील तर 'येते, नाव आणि स्टेशन सांगा' म्हणायचं आणि स्टेशनचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारायचं. प्रामाणिकपणे फोन सापडलेल्या माणसालाही हेच लागू: त्याने स्टेशनवर आणून द्यावा, खुशीने बक्षीस द्या, पासवर्डाचा विषय येतच नाही.

काही आठवड्यांनी सूर बदलतो. गोड बोलून झालं नाही तर धमकी: 'फोन खात्यातून काढा, नाहीतर तुमचे फोटो विकू, बँक रिकामी करू.' असे मेसेज परदेशी नंबरांवरूनही येतात, कधी बंदुकीच्या चित्रांसकट. घरातल्या मुलीबाळींचे फोटो फोनमध्ये असले की इथे माणूस मोडतो. पण विचार करा, फोन उघडता आला असता तर त्यांनी तुम्हाला विनवण्या केल्या असत्या का? आयफोनमधला मजकूर लॉकच्या नंबराशिवाय वाचता येत नाही, तो सांकेतिक रूपात साठवलेला असतो. उत्तर न देता ब्लॉक करायचं. त्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीला लागेल.

इथवर मी ठामपणे बोललो, पण काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. लॉकचा नंबर चोराने बघितला असण्याची शक्यता आहे का? बाजारात फोन खिशातून गेला म्हणजे बहुधा नाही. पण बारमध्ये, बसमध्ये खांद्यावरून नंबर बघून मग फोन उचलतात, तो प्रकार वेगळा, तिथे वरचं सगळं गणित बदलतं आणि बँकेला पहिला फोन लावावा लागतो. दुसरं, नंबर १२३४५६ किंवा जन्मतारीख होती का? असेल तर तो नंबर नव्हताच असं समजून चाला. तिसरं आणि तातडीचं: भावाचं सिम बंद केलं का?

सिमबद्दल लोक फार ढिले असतात. 'फोन लॉक आहे ना' म्हणतात. पण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचे ओटीपी तिकडे येतात: बँकेचे, व्हॉट्सॲपचे, आणि ॲपलचा कोडसुद्धा त्याच नंबरावर येत असेल तर तोही. म्हणून फोन गेल्यावर पहिलं काम कंपनीला कळवून सिम बंद करणं, मग कंपनीच्या दुकानात जाऊन त्याच नंबराचं दुसरं सिम घेणं. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, हा नियमच आहे, तेव्हा त्या दिवशी ओटीपीची कामं होणार नाहीत असं धरून चाला.

त्यानंतर पोलीस. बाजार म्हापशाचा म्हणून तक्रार म्हापसा पोलीस स्टेशनला, पण डिचोलीतही देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही स्टेशनला नोंदवून घ्यावा लागतो. मात्र खिशातून गेला असेल तर 'गहाळ' असं लिहून घेऊ नका, चोरी म्हणून लिहा. फोनचा विमा असला तर विमा कंपनी यावरच अडते.

तक्रारीची प्रत हातात आली की संचार साथी या सरकारी पोर्टलवर सीईआयआरमध्ये (फोनच्या आयएमईआयची देशभराची नोंदवही) फोन ब्लॉक करा. ही सोय २०२३ च्या मे महिन्यापासून देशभर आहे आणि फुकट आहे. आयएमईआय, बिल, ओळखपत्र, तक्रारीची प्रत एवढं लागतं. आयएमईआय खोक्यावर असतो, बिलावर असतो. नवा फोन घेतल्यावर *#०६# दाबून लिहून ठेवायची सवय लावून घ्या. ब्लॉक झाल्यावर भारतातल्या कुठल्याही कंपनीचं सिम त्यात चालत नाही, आणि कुणी घालून बघितलं तर त्याचा माग पोलिसांकडे जातो. अर्ज केल्यावर मिळणारा रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा, फोन परत मिळाला तर त्याच्याच आधारे ब्लॉक काढायचा असतो. मर्यादाही सांगतो: देशाबाहेर गेलेल्या फोनवर याचा उपयोग नाही. पण पोलिसांनी परत मिळवलेले जे फोन मी पाहिलेत, ते बहुतेक याच वाटेने आलेले. ब्लॉक केला तर लोकेशन दिसायचं बंद होईल का, असं विचारतात. फाइंड माय आसपासच्या इतर ॲपल फोनच्या ब्लूटूथवरूनही ठिकाण कळवतं, त्यामुळे त्या भीतीने ब्लॉक करणं टाळू नका.

आणि इन्स्टाग्रामवर 'आयएमईआय द्या, लोकेशन काढून देतो' म्हणणाऱ्यांना एक पैसा देऊ नका. आयएमईआयवरून माग काढणं टेलिकॉम कंपन्या आणि पोलीस यांच्याच हातात आहे. फोन गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटायचा तो वेगळा उद्योग.

फोन लांबून पुसायचा का, यावर माझं मत असं: बॅकअप असेल आणि आतल्या फोटोंची धाकधूक वाटत असेल तर खुशाल पुसा. पुसल्याने ॲक्टिव्हेशन लॉक जात नाही. लॉक जातं ते 'रिमूव्ह', म्हणजे खात्यातून काढून टाकल्यावर. हे दोन पर्याय फाइंड मायमध्ये जवळजवळ असतात आणि लोक गोंधळतात. 'इरेझ' चालेल, 'रिमूव्ह' नाही.

पासवर्ड देऊन झाला असेल तर: आधी खऱ्या पत्त्यावर जाऊन पासवर्ड बदला. तोच पासवर्ड जीमेलला किंवा बँकेला असेल तर तिथेही, आणि त्यातही जीमेलचा आधी, कारण बाकीच्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. खात्यात लावलेली उपकरणं आणि विश्वासाचे फोन नंबर तपासा, अनोळखी असेल ते काढा. फोन यादीत अजून दिसतोय का बघा. दिसत असेल तर तुम्ही वेळेत पोचलात. लॉकचा नंबरही दिला असेल तर बँकेला कळवून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तीच तक्रार करता येते. इथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो: पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तरच अडवता येतात. मोठी रक्कम असेल तर रायबंदरच्या सायबर पोलीस स्टेशनला जा. नुसती लिंक उघडून काही टाइप न करता बंद केली असेल, जसं ताईंनी केलंय, तर घाबरायचं कारण नाही. तुमचा नंबर चालू आहे एवढं त्यांना कळलं, मेसेज वाढतील.

अँड्रॉइडवाल्यांसाठी थोडक्यात. गुगलचं असंच लॉक २०१५ पासून आहे, पण स्वस्त आणि जुन्या मॉडेलांत ते चुकवायच्या युक्त्या बाजारात फिरतात, त्यामुळे चोराला मालकाच्या मागे लागायची तेवढी गरज पडत नाही. तिथे धोका पासवर्डापेक्षा सिम आणि यूपीआयचा. फोन शोधायचं गुगलचं ॲप आता फाइंड हब नावाने आहे. सेटिंगमध्ये 'थेफ्ट प्रोटेक्शन' बघा, रिमोट लॉक आधीच चालू ठेवलं असेल तर नुसत्या फोन नंबरावर कुठूनही फोन लॉक करता येतो. सिमला पिनही लावता येते, दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ती विचारली जाते. लावताना कंपनीची मूळ पिन आधी विचारून घ्या, तीनदा चुकली की सिम अडकतं आणि मग सगळे माझ्याकडे येतात!

भावाने नवा आयफोन घेतला तर त्यात 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' चालू करायला सांगा. २०२४ च्या जानेवारीत आयओएस १७.३ मध्ये ते आलं. घर किंवा कामाच्या जागेपासून लांब असताना ॲपलचा पासवर्ड बदलायला चेहरा लागतो, तासभर थांबावं लागतं, आणि पुन्हा चेहरा. नुसता लॉकचा नंबर कळून चोराचं भागत नाही.

आणि जुना १३ खात्याच्या यादीत तसाच राहू द्या. नवा फोन जोडताना बरेच जण यादी साफ करायला म्हणून जुना स्वतःच्या हाताने काढून टाकतात, चोराला जे महिनोन्‌महिने जमलं नव्हतं ते करून देतात. यादीत तो पडून राहिला तर तुमचं काही अडत नाही.